जीपचा खांदा

आमच्या अंगणात मायनं रांगोळी काढणं सोडलं, ते जीपमुळं. पहाटे उठून ती शेणानं अंगण सारवायची, हात धुवायला न्हाणीकडे जायची, आणि परत येईस्तोवर फाटकाजवळ उभ्या जीपच्या पोटाखाली काळा थेंब पडलेला असायचा. गिअरपेटीचं तेल ते. काकवीसारखं जाड, आणि वास असा की एकदा नाकात बसला की जेवायच्या ताटापर्यंत सोबत यायचा. दुपार होईपर्यंत त्या थेंबाचं थाळीएवढं थारोळं व्हायचं. शेवटी मायनं एक जुनं घमेलं आणून खाली सरकवलं, आणि तेव्हापासून घरात तो आवाज सुरू झाला. टप्प. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप्प. पाहुणे विचारायचे, नळ गळून राहिला काय वं? माय म्हणायची, "नळ कुठला बाप्पा आमच्या नशिबात! आमच्या घरी तेल गळते!" हे ती चिडून म्हणायची की ऐटीत, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आम्ही तेव्हा अजनीच्या पलीकडं राहायचो. दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणात कडुलिंब, आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं की शेतं. आज त्या बाजूला मनीषनगर आहे. माझ्या नातवाला तिथं गाडी उभी करायला जागा सापडत नाही, तो कुरकुरत गोल गोल फिरतो आणि मी मागच्या सीटवर गप्प बसून ठरवते की इथं तूर होती, इथं बांध होता, आणि हा जो बँकेचा चकचकीत जिना आहे ना, इथं बाबांनी मला गाडी शिकवताना मी थेट विहिरीच्या कठड्याला नेऊन भिडवली होती. नातवाला सांगितलं तर तो हसतो. त्याला वाटतं आजी वाढवून सांगते. वाढवून सांगायला मी काय राजकारणात आहे?

आमचं मूळ गाव नरखेड तालुक्यात. तिथं थोरले काका संत्र्याचा बगीचा बघायचे आणि बाबा त्यांच्या हाताखाली राबायचे. बाबा तापट, काका हेकट. एक दिवस दोघांचं असं बिनसलं की बाबांनी आपल्या वाट्याची बैलजोडी सोडवून घेतली, ती विकली, आणि लष्करानं मोडीत काढलेली एक जीप लिलावात घेऊन आम्हाला नागपूरला आणलं. डोकं मात्र त्यांचं चालायचं. पावसाळ्यानंतर बगिच्यांतून माल काढायचा तर शेतातली वाट, म्हणजे पांदण, चिखलानं भरलेली असते, काळ्या मातीत ट्रक घातला की बसलाच. चारही चाकांनी ओढणारी जीप मात्र जाते. संत्र्याच्या टोपल्या बगिच्यातून पक्क्या सडकेवर आणून द्यायच्या, हा बाबांचा धंदा. पावसाळ्यात एस.टी. बंद पडली की माणसं, खताची पोती, शाळेचे मास्तर, एकदा तर अख्खी नवरी वरमायीसकट त्यांनी नाल्यापार केली. त्या धंद्यावर आमचं घर चालायचं, आणि त्या घरात राहून मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकत होते.

मायचा जीपवर राग होता. जीपवर म्हणजे बैल विकण्यावर. चांद्या आणि गुलब्या अशी ती जोडी. गुलब्या तर तिनं भाकरीच्या काल्यावर वाढवलेला. जीप घरी आली तेव्हा सारी आळी बघायला लोटली, पण माय चुलीपुढून उठली नाही. तिला ती जीप कधी म्हणायचीच नाही. "ते लोखंड आलं काय?" असं विचारायची. बाबा मुद्दाम मोठ्यानं हॉर्न वाजवायचे. ती मुद्दाम मोठ्यानं भांडी आपटायची. या दोघांचा संसार असा आवाजी होता, आणि मला तो आवडायचा.

मग आला आमचा नागपुरातला पहिला पोळा. पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्याकडं खांदशेकणी असते. बैलानं वर्षभर जू ओढलेलं, त्याचा खांदा हुळहुळलेला. म्हणून तूप-हळद कोमट करून पळसाच्या पानानं त्या खांद्याला लावायची, हलक्या हातानं तो शेकायचा, आणि कानाशी जाऊन म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मायनं त्या सांजेला सवयीनं वाटीत तूप-हळद कोमट केली, पळसाचं पान घेतलं, पदर खोचला, आणि अंगणात येऊन उभी राहिली. तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं की समोर बैल नाहीत. वाटी हातात धरून ती तशीच उभी. मी इतकी मोठी झाले, नवरा गेला, पण मायचा त्या वेळचा चेहरा अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

बाबा खाटेवर बसले होते. ते उठले, आणि त्यांच्या स्वभावाप्रमाणं थट्टेवर गेले. "अवं, थांबली काहून? जनावर समोर उभं आहे न."

"याचा खांदा कुठं हाय?" माय म्हणाली. रागानंच म्हणाली, पण विचारलं.

बाबांनी ताडताड जाऊन दोन्ही सीटांच्या मधला पायाखालचा पत्रा उघडला. खाली गिअरपेटी. "हे पाह्य. इंजिनाचा सारा जोर इथं येते, इथून चारी चाकाईले जाते. सारी गाडी हेच ओढते. हाच खांदा."

मायनं वाकून ती पेटी नीट बघून घेतली. मग जीपमध्ये चढली, मांडी घालून बसली, आणि पळसाच्या पानानं त्या गिअरपेटीच्या डोक्यावर तूप-हळद लावू लागली. हलक्या हातानं, चहूबाजूंनी, जशी गुलब्याला लावायची तशीच. तोंडानं पुटपुटली, आज आवतण घे, उद्या जेवाले ये. बाबांची थट्टा तिथंच विरली. दुसऱ्या दिवशी जीपच्या बॉनेटवर पुरणपोळीचा नैवेद्य होता, आणि त्या दिवसापासून माय 'लोखंड' म्हणायची ती 'आपली जीप' म्हणू लागली. पुढं दर पोळ्याला हे ठरलेलंच. शेजारच्या बाया हसायच्या. माय म्हणायची, हसा, तुमच्या घरी दूध देनारी सायकल हाय वाटते!

गळती केव्हा सुरू झाली ते कुणालाच नेमकं सांगता येईना. आधी थेंब, मग थारोळं, मग घमेलं. बाबा ती जीप घेऊन कॉटन मार्केटच्या मागं इस्माईल मिस्त्रीकडं जायचे. हा मिस्त्री हाताचा मोठा चांगला, माणूस त्याहून चांगला, आणि बोलायला लागला की चहा थंड होईस्तोवर थांबायचा नाही. गिअरपेटीतून जिथं फिरता दांडा बाहेर निघतो तिथं रबराची एक चकती असते, तेल आत राखायला. तिला सील म्हणतात. मिस्त्री गाडीखाली आडवा व्हायचा, जुनं सील काढायचा, नवं ठोकायचा, तेल भरायचा. चार दिवस घमेलं कोरडं. पाचव्या दिवशी टप्प. "बाबूजी, कसम से नया सील डाला है," तो छातीवर हात ठेवून सांगायचा, "फिर भी रोती है तो मैं क्या करूँ? इसको कोई ग़म है."

पण रडण्यापुरतं असतं तर चाललं असतं. त्या जीपचा हातब्रेक गिअरपेटीच्या अगदी मागं बसवलेला होता, आणि गळलेलं तेल पहिल्यांदा त्यालाच पाजलं जायचं. तेल प्यायलेला ब्रेक धरणार कसा? म्हणून आमच्या जीपमध्ये कायम एक मोठा गोटा असायचा. गाडी चढावर थांबली की मी उडी मारून तो चाकामागं लावायचे, मगच बाबा खाली उतरायचे. कॉलेजात माझ्या मैत्रिणी नखं रंगवायच्या आणि माझ्या तळहाताला गोट्याचे घट्टे. मी दुसऱ्या वर्षाला होते त्या पावसाळ्यात एकदा मी सोबत नव्हते. नाल्याच्या उतारावर बाबांनी जीप उभी केली, गोटा लावला, पण चिखलात तो गोटाच सरकला. जीप आपली आपण चालत निघाली ती थेट नाल्यापर्यंत. मागं खताच्या पोत्यांवर बसलेला एक म्हातारा वेळेवर उडी मारून उतरला म्हणून वाचला, साधं खरचटलंही नाही. पण बाबा घरी आले ते पांढरेफटक होऊन. मायनं पाणी दिलं ते हातातच राहिलं.

"झालं आता," ते म्हणाले. "कोनाचा जीव घेईन मी एक दिवस. हे नाही ठेवत मी आता."

मायनं काही म्हणायच्या आत त्यांनी सारं ठरवूनच टाकलं होतं. कामठीचा एक माणूस जुन्या गाड्या कापून सुटे भाग विकायचा. त्याला सांगावा गेला, पोळा होऊन जाऊ दे, करीच्या दिवशी येऊन घेऊन जा. कर म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. आणि जीप गेली की गाव. पुन्हा थोरल्या काकांचा बगीचा, पुन्हा त्यांच्या हाताखाली मान घालून उभं राहणं. माझ्याकडं न बघता बाबा म्हणाले, "शकू, तिथून कॉलेज जमनार नाही वं. तुह्या आत्यानं एक ठिकान सांगून ठेवलं आहे. पोरगा बरा आहे म्हनते."

मुलगा बरा होता. मी नंतर पाहिला त्याला, दुसरीशी लग्न करून सुखी होता बिचारा. पण तेव्हा मला ते ठिकाण नको होतं. मला गावाचा तिटकारा नव्हता. मला माझी प्रयोगशाळा सोडवत नव्हती, सायकलवरून बर्डीच्या कॉलेजात जाणं सोडवत नव्हतं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे काकांपुढं हात जोडून उभे असलेले बाबा मला बघवले नसते. शेवटचा उपाय म्हणून मिस्त्रीनं सगळी सीलं एकदम बदलून दिली. घमेलं कोरडं राहिलं, आणि नेमकं खांदशेकणीच्या सकाळी टप्प. बाबांनी तो ऐकला आणि टोपी घालून बाहेर निघून गेले.

त्या सांजेला माय नेहमीसारखी वाटी घेऊन निघाली तेव्हा मला राहवलं नाही. "माय, परवा तिले कापाले नेऊन राहिले, न तू हळद लावून राहिली!"

"विकाचं जनावर असलं म्हनून आवतन चुकवते का कोनी?" ती म्हणाली, आणि पत्रा उघडून बसली. त्या वर्षी तिनं जरा जास्तच तूप लावलं. पदरानं डोळे पुसताना हळद गालाला लागली ती तशीच राहिली.

पोळ्याचा दिवस उजाडला. दाराशी लावायला पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढी, हव्या म्हणून बाबा जीप घेऊन वर्धा रोडला लांबवर गेले आणि ऊन चढता परतले. मायनं पुरणाची हरभऱ्याची डाळ कुकरला लावली होती. कुकर घरात नवा होता आणि मायचं त्याच्याशीही जमायचं नव्हतं. त्या दिवशी तो शिट्टीच देईना. झाकणाच्या कडेकडेनं वाफ आणि डाळीचं पिवळं पाणी फसफसून बाहेर, ओटा सगळा बरबटलेला. मी म्हटलं, "माय, रिंग खराब झाली हिची. नवी आनू."

"रिंग मागच्या महिन्यात आनली न," माय म्हणाली. तिनं कुकर उतरवून ओलं फडकं टाकलं, निवू दिला, झाकण काढून उजेडात धरलं. "हे पाह्य. डाळ जाऊन शिट्टीचं भोक बुजलं. वाफेले वाट नाही भेटली तं ते सापडन तिथून निघन. रिंगचा काय दोस त्याच्यात?" बोलता बोलता तिनं अंबाड्यातला आकडा उपसला, भोकात घालून फिरवला, फुंकर मारली, आणि आकडा धुऊन पुन्हा केसांत खोचला.

माझ्या हातातला पळा खाली पडला. सील मागच्या आठवड्यात बदललं न! सीलाचा काय दोष? अगं, सील म्हणजे रिंगच की! पेटी चालून चालून तापते, आतली हवा फुगते, तिला वाट नको? तीन तीन प्रयोगवह्या लिहून पास झालेली मी, उष्णतेनं वायू प्रसरण पावतो हे सहा गुणांचं उत्तर मला तोंडपाठ, आणि ते डोक्यात पेटलं कधी, तर पुरणाची डाळ सांडल्यावर.

"माय, आकडा दे तो."

"काय करतं आता आकड्यानं?"

"दे न वं!" म्हणून मी तिच्या अंबाड्यातून तो ओढलाच आणि अंगणात पळाले. बाबा मेढी उतरवत होते. "बाबा, गिअरपेटीले नाक असते काय?"

"बावचळली काय?" मग त्यांनी माझं तोंड बघितलं. "असते न. वर एक बारीक टोपी असते, तिले भोक असते. श्वासाची टोपी."

"आपल्या पेटीले कुठं हाय?"

"इथंच तं..." पत्रा उघडून बाबा वाकले, आणि वाकलेलेच राहिले. पेटीच्या डोक्यावर टोपी दिसतच नव्हती. होता तो नुसता खरपुडीचा थर. वर कालचं ताजं तूप, त्याखाली काळी माती आणि धूळ धरून, पेटीच्या उष्णतेनं भाजून, दगडासारखं झालेलं काहीतरी. बाबांनी पेचकस घेऊन हळूहळू खरवडायला सुरुवात केली. एक पोपडा निघाला, त्याखाली दुसरा, दर पोळ्याचा एक. खाली जावं तसा रंग उघडा पडत गेला. पिवळा. लख्ख हळदीचा पिवळा. त्याच्या तळाशी बोराएवढी पितळी टोपी, तिचं भोक गच्च बुजलेलं. मी आकडा घातला आणि फिरवला. आत काहीतरी तुटलं, आणि फुस्स करून गरम हवेचा झोत माझ्या तोंडावर आला, तेलाच्या फवाऱ्यासकट. चष्मा काळा झाला. तो घाण वास मी छाती भरून घेतला, खरं सांगते, आयुष्यात तसलं अत्तर पुन्हा लाभलं नाही.

बाबा जीपच्या पायरीवर मटकन बसले. आधी हसायला लागले, आवाज न करता, खांदे हलवत. मग हसता हसता डोळे भरले. "मीच दाखवला वं तिले खांदा," ते म्हणाले. "मीच." स्वयंपाकघरातून पोळपाटाचा आवाज येत होता. बाबांनी तिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "शकू, मायले नाही सांगाचं. कधीच नाही. तिच्या मायेनं गाडीचा गळा दाबला, असं तिले वाटलं तं ती पुन्हा वाटी हातात नाही घेनार. ते मले नाही पाहवत." मी मान हलवली. आकडा फडक्याला पुसला, आत जाऊन मायच्या अंबाड्यात मागून हळूच खोचून दिला. ती पोळी लाटत होती. मान तेवढी तिनं जराशी वळवली.

आम्ही रॉकेलनं हातब्रेक धुतला, कोरडा केला, आणि ताट वाढायच्या आत मी गाडी चालवत अजनीच्या पुलावर नेली. ऐन चढावर बाबा म्हणाले, थांबव. मी थांबवली आणि सवयीनं गोट्याकडं हात नेला. बाबांनी माझं मनगट धरलं. "गोटा नको." हातब्रेक ओढला. मी ब्रेकवरचा पाय हळूहळू काढला. जीप उभी राहिली. मागून एक रिक्षावाला शिव्या घालत गेला, एक गाय येऊन बॉनेट हुंगून गेली, आणि जीप आपली उभी. आम्ही बापलेक त्या पुलाच्या मधोमध बसून होतो, आणि मला वाटत होतं की कुणीतरी माझ्याच छातीवरून तो गोटा उचलला. घरी आल्यावर घमेलं पुसून, तळाशी वर्तमानपत्र अंथरून मी ते पुन्हा पेटीखाली सरकवलं. जेवायला पुरणपोळी, वर तुपाची धार, कढी, भजी, आणि आम्हा दोघांचे कान अंगणात. टप्प नाही. कढी संपली, टप्प नाही. बाबांनी आणखी एक पोळी मागून घेतली.

"आवाज काहून बंद झाला?" मायनं विचारलं.

"मिस्त्रीनं एक वायसर उलटं बसवलं होतं, ते मी सुलटं केलं," बाबा ताटात बघून म्हणाले. बाबांना खोटं बोलता यायचं नाही. कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

"बरं झालं," माय म्हणाली आणि त्यांच्या पोळीवर तूप वाढलं.

करीच्या सकाळी आळीतली पोरं दारोदारच्या मेढी घेऊन ओरडत निघाली. मारबत निघायचा दिवस तो. आमच्या नागपुरात त्या दिवशी जे जे नकोसं ते ते मारबतीच्या पुतळ्यासोबत गावाबाहेर धाडतात. बाबांनी आपल्या दाराची मेढ उपसली आणि त्या पोरांहून मोठ्यानं ओरडले, "इडा, पीडा, खासी, खोकला, गिअरपेटीची गळती घेऊन जा गे मारबत!" वर्तमानपत्र कोरडं होतं. कामठीचा माणूस आला तेव्हा बाबांनी त्याला जीप दाखवलीच नाही, पुरणपोळी खायला घालून परत पाठवला. तो चकित होऊन गेला, पण जेवून गेला. गावी जाणं रहित झालं, आत्याचं ठिकाण रहित झालं, आणि सोमवारी मी कॉलेजात गेले. त्या आनंदाला काय नाव देऊ? काही नवीन मिळालं नव्हतं. जे होतं ते गेलं नाही, एवढंच. पण ह्या वयाला आल्यावर सांगते, त्याच्याहून मोठं सुख नसतं.

इस्माईल मिस्त्रीला बाबांनी मात्र खरं सांगितलं. तो कपाळाला हात लावून बसला. "बाबूजी, हल्दी तो मुझे हर बार दिखती थी. पर पूजा की चीज़, भाभीजी ने लगाई हुई. मैं उस पर पेचकस कैसे चलाता?" म्हणजे एकीनं भक्तीनं लावलं, दुसऱ्यानं आदरानं राखलं, आणि जीप बिचारी दोघांच्या मधे घुसमटली. त्यानंच मग त्या टोपीला रबराची एक नळी जोडून दिली, वर डॅशबोर्डपर्यंत, म्हणजे खाली कितीही हळद लागली तरी श्वास वरून चालू राहील. दिवाळीला मायनं अंगणभर रांगोळी काढली, पार जीपच्या चाकांपर्यंत.

पुढच्या पोळ्याची खांदशेकणी आली तेव्हा मात्र बाबा सकाळपासून येरझारा घालत होते. नळी दिसली तर ही विचारणार, विचारलं तर काय सांगायचं? सांजेला माय वाटी घेऊन आली. जीपमध्ये चढली, पत्रा उघडला, मांडी घातली. आम्ही दोघं दोन बाजूंनी उभे. तिनं नळीकडं बघितलं, डाव्या हाताच्या दोन बोटांनी ती अलगद बाजूला धरली, बैलाची वेसण धरावी तशी, आणि टोपीला जराही न लावता तिच्या भोवतीनं हळद फिरवली. मग पानाची कड मोडून टोपीच्या बुडाशी आलेलं थोडं तूप निपटून घेतलं.

"असे काय पाहून राहिले गा दोघंही?" ती मान वर न करता म्हणाली. "बैलाच्या नाकाले हळद लावते काय कोनी?"

मायनं अंबाड्यातला आकडा काढून माझ्यापुढं धरला. टोकाशी अजून पिवळं होतं. "जीपच्या तेलानं आकडा काळा होते. हा पिवळा कायनं झाला, एवढं नाही समजत काय मले? तवाच समजलं."

"मंग वर्सभर बोलली काहून नाही?" बाबा म्हणाले.

मायनं वाटीतली उरलेली हळद बोटानं निपटली आणि पेटीला लावली. "मले बरं वाटावं म्हनून तुमी पह्यल्यांदा खोटं बोलले," ती म्हणाली. "गोड लागलं मले ते. म्हटलं, राहू द्या."